राजदूताच्या हवेलीतला पाळणा

धुळ्याचे निवृत्त आधार मास्तर यांनी शाळेत जन्मभर इतिहास शिकवला आणि पुस्तक लिहिलं एकच. तेही स्वतः कधी न पाहिलेल्या घरावर. खानदेशातल्या एका कापूसवाल्या शेठजींनी दिल्लीत बांधलेली ती हवेली. आता तिथे परदेशी राजदूत राहतात. मास्तरांचे आजोबा तिथे नोकरीला होते. पहिल्या आवृत्तीत ते 'दिवाण असावेत' होते, दुसऱ्या आवृत्तीत थेट 'दिवाणजी' झाले. तिसरी निघती तर मास्तरांनी त्यांना हत्तीवरही बसवलं असतं. पण दुसरीच अजून पलंगाखाली पडून होती.

त्यातली एक प्रत कशी कोण जाणे दिल्लीला पोचली. ठिबक सिंचन बघायला जळगावला येणाऱ्या राजदूतबाईंनी मास्तरांना आईसकट चहाला बोलावलं आणि हवेलीचे फोटो पाठवले. एका फोटोत दिवाणखान्यातला लाकडी पाळणा होता. नुसत्या ऐकीव माहितीवर मास्तरांनी त्याच्यावर चार पानं खर्ची घातली होती.

मास्तरांच्या आईनं, द्रौपदाबाईंनी, फोटो डोळ्यांजवळ धरला. "पाळना कसाना? हाई बडगी शे. तुना आजा हिनामा भरीत ठेचे. तो तठे आचारी व्हता."

भाजलेली वांगी ठेचायची तसलीच होडीसारखी लाकडी बडगी मास्तरांच्या माळ्यावर होती. जन्मभर तिच्यातलं भरीत खाल्लं आणि फोटोत ओळखली नाही. पुरावे तपासा म्हणून पोरांना छड्या मारणारा तो हाच. मास्तरांना स्वतःची लाज वाटली, तरी उद्याच्या चहाच्या धास्तीनं त्यांनी आईला बजावलं, "सकाय काही बोलू नको, माय."

जळगावला बाई हिंदीतून कौतुकानं म्हणाल्या, "माझ्या नातीलाही त्याच पाळण्यात झोपवलं. पण पोर सारखी शिंकायची. आजी, कोणाचा हो तो पाळणा?"

द्रौपदाबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. पंचाऐंशी वर्षांची म्हातारी पोराची अब्रू सांभाळत बसली होती. ते मास्तरांना बघवेना.

"पाळणा नाही तो," ते म्हणाले. "भरताची बडगी आहे. मिरची-लसूण मुरलाय तिच्यात. माझे आजोबा आचारी होते. दिवाण त्यांना मी केलं."

बाई पोट धरून हसल्या. मग डोळे पुसून त्यांनी पेन काढलं. "तिथे पाटी लावू या. नाव काय त्यांचं?"

मास्तरांनी सवयीनं पुस्तक उघडलं. एकशे ऐंशी पानांत जिथे तिथे 'दिवाणजी' होते, नाव कुठेच नव्हतं.

"सासरानं नाव मी कशी लेऊ?" द्रौपदाबाई पदर सावरत म्हणाल्या. "तूच सांग."

"अभिमन," मास्तरांनी सांगितलं. मग बाईंचंच पेन मागून घेऊन त्यांनी ते नाव पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलं.