थोरलीच्या नावाची नोकरी

धाकटीनं आपली शाल थोरलीच्या मांडीवर पसरली आणि कोपऱ्याला कोपरा लावून दाखवला.

"चादरीची अशी घडी घालायची, ताई. आणि इस्त्रीच्या यंत्रात सरकवताना शिवण आपल्याकडे."

"शिवण आपल्याकडे," थोरली म्हणाली आणि शिवण पलीकडे करून मोकळी झाली.

पेन्शन कचेरीच्या बाकावर सकाळपासून ही शिकवणी चालली होती आणि विद्यार्थिनी काही पुढे सरकत नव्हती.

दोघी सख्ख्या जावा. या परक्या देशात आल्या तेव्हा कामाचा परवाना थोरलीकडे होता, धाकटीकडे नव्हता. पण थोरलीला वाफेनं धाप लागायची. म्हणून हॉटेलच्या लॉन्ड्रीत गेली धाकटी, थोरलीच्या नावानं, आणि थोरलीनं घरी दोघींची मिळून चार पोरं वाढवली. वीसेक वर्षं असंच निभलं. पुढे धाकटीला स्वतःचे कागद मिळाले, पण तिच्या नावावरची नोकरी पेन्शनला पुरत नव्हती. पुरत होती ती थोरलीच्या नावावरची, म्हणजे धाकटीनंच राबून काढलेली. आजच्या चौकशीत बिंग फुटलं असतं तर पेन्शन तर गेलीच असती, धाकटीचा परवानाही गेला असता.

"नाव पुकारलं की तू उठू नकोस हं," थोरली कुजबुजली.

"मी कशाला उठतेय?"

खिडकीतून थोरलीचं नाव आलं. धाकटी ताडकन उठली.

वर्षानुवर्षं ती त्या नावाला ओ देत आली होती. पायांनी तिला विचारलंसुद्धा नाही. थोरलीला मात्र घरात कुणी नावानं हाकच मारत नसे, ती तशीच बसून होती. मग एकदम भानावर येऊन तिनं शाल धाकटीच्या खांद्यावर टाकली, तिचा दंड धरला आणि कण्हत उठली.

"गुडघे गेलेत," ती खिडकीपलीकडच्या बाईंना म्हणाली. "ही उठवते तेव्हा उठते."

बाईंनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं.

"लॉन्ड्रीत काय काम असायचं तुमचं?"

शाल, कोपरे, शिवण, सगळं थोरलीच्या डोक्यातून पार धुऊन गेलं होतं. धाकटीनं तोंड उघडलं तसा बाईंनी हात वर केला.

"त्यांना सांगू द्या."

"काम काय सांगू, बाई," थोरली अखेर म्हणाली. "घरी आल्यावर कप धरवायचा नाही, इतकी बोटं भाजलेली. चहा वाटीत गार करून प्यायचा. झोपेतही हात चालायचे, घड्या घातल्यासारखे. आणि झोपलेल्या पोरांच्या पायांवरून हात फिरवत बसायचं. जागी असताना ती भेटायचीच नाहीत."

धाकटीनं मान खाली घातली. हे सगळं थोरली बघत होती, हे तिला कधी कळलंच नव्हतं. तिला रडू येत होतं आणि रडायची सोय नव्हती.

बाई लिहीत राहिल्या. मग वर न बघता धाकटीला म्हणाल्या, "आणि तुम्ही? तेव्हा काय करत होतात?"

"मी घरी. चौघं पोरं माझ्याकडेच होती."

"चौघं? मग तारांबळच. सगळ्यात लवकर कोण चालायला लागलं?"

तिचाच मुलगा. एवढं तिला ठाऊक होतं. कधी, कुठे, कुणाचं बोट धरून, ते मात्र तिला सांगता आलं नसतं. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तो दारापर्यंत चालत आला होता. धाकटी खिडकीची कड घट्ट धरून उभी राहिली.

"मी पाहिलं नाही," तिच्या तोंडून निघून गेलं.

बाईंचं पेन थांबलं. बाईंची नजर खिडकीच्या कडेवर गेली, तिथल्या दहा बोटांवर, त्यांच्या भाजून गुळगुळीत झालेल्या, पांढुरक्या टोकांवर. मग थोरलीच्या, कुठेही न भाजलेल्या हातांवर.

बाईंच्या मागचं दार वाजलं. बाईंनी पेन पुन्हा चालवायला घेतलं.

"हात शालीत घ्या," त्या हळू आवाजात धाकटीला म्हणाल्या. "साहेब येताहेत."