अर्धे मेंढरू

मित्रांनो, आमच्या ग्रंथपालकाकांनी एका पत्राला बरीच वर्षे उत्तर दिले नव्हते. ते पत्र माझ्याविषयी होते. मी बायबलच्या एका फार जुन्या हस्तलिखिताचे सुटे पान आहे.

मी मेंढीच्या कातड्याचे. चुन्यात भिजवून, चौकटीवर ताणून, घासून मला गुळगुळीत केले. मग एका लेखनिकाने हरवलेल्या मेंढराची गोष्ट लिहायला घेतली. आदल्या पानावर जागा संपली, म्हणून त्याच्या भाषेतला ‘मेंढरू’ हा शब्द त्याने मधोमध तोडला. अर्धा तिकडे, अर्धा माझ्या माथ्यावर. पुष्कळ पिढ्यांनी मला प्रेमाने वाचले. पुढे शिवण उसवली आणि कुणीतरी मला दुसऱ्याच पुस्तकाच्या पुठ्ठ्यात चिकटवून टाकले. काकांनी मला तिथून अलगद सोडवले.

पत्र दूरच्या एका ग्रंथालयाकडून आले होते. ‘आमच्या हस्तलिखितातले एक पान हरवले आहे. त्याआधीचा ‘मेंढरू’ हा शब्द अर्धाच राहिला आहे. उरलेला अर्धा तुमच्या पानावर आहे का?’

माझे पहिलेच अक्षर पुसट झाले होते. काका भिंगातून बघत, उसासा टाकत आणि पत्र पुन्हा खणात ठेवत. असे करता करता त्यांच्या निवृत्तीचा दिवस आला. टेबल आवरायला त्यांची थोरली बहीण आली, आणि पत्र तिच्या हाती लागले.

“अरे, याला उत्तर का नाही दिलंस?”

“माझं चुकलं तर, ताई?”

“लग्न ठरवतानाही ‘बघून सांगतो’च म्हणालास! उद्यापासून तू घरी. मग हे सांगणार कोण? अर्धं मेंढरू तिकडे ताटकळलंय बिचारं.”

काकांनी मला खिडकीशी नेऊन तिरपे धरले. त्या अक्षराची शाई उडाली होती. पण तिने कातड्यात पाडलेला चर मी जिद्दीने बुजू दिला नव्हता. त्यात सावली भरली आणि अक्षर उभे राहिले.

“ताई, मेंढरूच आहे गं!”

“मला काय सांगतोस? त्यांना सांग.”

मित्रांनो, जुने पान हाती आले तर त्याची घडी घालू नका, त्याला चिकटपट्टी लावू नका. पुसट दिसले म्हणून त्याच्यावर फुली मारू नका. उजेडात धरून बघा. आम्ही सहजासहजी हार मानत नाही.

काकांनी लिहिले, ‘बहुतेक होय.’

“बहुतेक काढ,” ताई म्हणाली.

त्यांनी तो शब्द खोडला. मग खिडकीतून मला दिसले : काकांनी समोरच्या टपालपेटीत पाकीट सोडले आणि ते खरोखर आत पडले ना, म्हणून फटीत डोकावूनही पाहिले.