दहाला निघून अकराला

लेकीने मोबाइलवर घरी येण्याचं तिकीट पाठवलं तेव्हा लॉन्ड्रीवाली बाई टेबलक्लॉथला इस्त्री करत होती. चष्मा नाकावर चढवून तिने वाचलं: विमान निघणार सकाळी दहाला, पोचणार त्याच सकाळी अकराला. आधी ती हरखली, अख्ख्या गल्लीला कळेल अशी हरखली. मग हिशोब डोक्यात शिरला आणि पित्त खवळलं. एक तास! तासाभराच्या अंतरावर राहते पोरगी आणि पाच वर्षांत आईबापाला तोंड दाखवत नाही?

दर फोनला "तुमच्याकडे किती वाजले गं?" विचारणारी हीच बाई. पण आनंद आणि राग एकदम आले की भल्याभल्यांची अक्कल चरायला जाते. नवरा बिचारा "अगं, त्या घड्याळाचं असं असतं..." एवढंच बोलला. लेकीची बाजू घेतो म्हणून त्याची अशी बिनपाण्याने हजामत झाली की तो मुकाट शर्टांची तुटकी बटणं लावत बसला.

आठवडाभर बाईचे पाय जमिनीवर नव्हते. लेकीच्या खोलीचे पडदे धुतले. चादरीला इतकी कडक खळ घातली की नवरा म्हणाला, पोरगी झोपेल की घसरेल. येईल त्या गिऱ्हाइकाला बातमी सांगायची आणि शेवटी "तासाभराचा तर रस्ता" हा टोमणा जोडायचा, असा कार्यक्रमच झाला. विमानतळावर काय सुनवायचं तेही तिने पाठ करून ठेवलं. आधी जाब, मग मिठी.

विमानतळावर ती कठड्याला चिकटून उभी राहिली. काचेचं दार सरकलं की टाचा उंचावून बघायची. भलताच कोणी बाहेर आला की त्याचाच तिला राग यायचा. शेवटी लेक आली. बाईने तोंड उघडलं, पण सवयीने नजर आधी कपड्यांवर गेली.

उभा जन्म लोकांचे चुरगळलेले कपडे हाताळलेली बाई ती. लेकीच्या पँटला गुडघ्यांमागे पडलेल्या सुरकुत्या बसून बसून पक्क्या झाल्या होत्या. शर्टाची पाठ पार गोळा झालेली, एक बाही डोक्याखाली दबून चपटी. अशी चुरगळ तासाभरात पडत नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं. पाठ केलेला जाब बाजूलाच राहिला.

"किती वेळ बसली होतीस गं?"

"नऊ तास, आई."

इथलं घड्याळ तिथल्यापेक्षा आठ तास मागे, म्हणून तिकिटावर एकच तास दिसतो, असं लेकीने समजावलं. नवरा छताकडे बघत राहिला. बाईला स्वतःची लाज वाटली, पण त्याहून कितीतरी मोठा आनंद झाला.

"मला वाटलं, तुला यायचंच नव्हतं," ती म्हणाली आणि भर गर्दीत रडू लागली. लेकीने तिला मिठीत घेतलं. नोकरीत मोठी रजा कशी मिळत नव्हती ते सांगताना तिलाही रडू फुटलं.

टॅक्सीत बसल्यावर बाईने विचारलं, "आणि परत जाताना?"

"दुपारी बाराला निघायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पोचायचं."

"हे बरोबर आहे," बाई लेकीची बाही हाताने सरळ करत म्हणाली. "इथून जायला एवढा वेळ लागायलाच पाहिजे."