वाऱ्याची कावीळ

थाळीतलं पाणी पांढरं होतं. महाराजांनी लेकराचे दोन्ही तळहात त्यात बुडवले, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले, आणि पाणी पिवळं झालं. नुसतं पिवळसर नव्हे, हळदीच्या कढीसारखं पिवळं. मांडवातल्या शंभरेक माणसांनी एकदम श्वास ओढला. कोणी हात जोडले, कोणी मोबाइल उंच धरला. माझ्या शेजारची बाई गहिवरून म्हणाली, "पाह्यलं का वो? आंगातली सारी कावीळ पाण्यात उतरली!"

"उतरली!" राजपाल महाराज थाळी गोल फिरवून दाखवत म्हणाले. "कावीळ तीन जातीची रायते मायबाप हो. जमिनीची, पाण्याची आन वाऱ्याची. हे वाऱ्याची हाये. वाऱ्याच्या काविळीले सुई चालत नाई. सुई टोचली का वारा फुटला, वारा फुटला का जीव गेला! तीन बैठका करा. तवरोक डाक्टरचं तोंड पाहू नका, आन मायचं दूध बंद. दूधच पिवळं, तं लेकरू पिवळं नाई होईन तं काय होईन? गुळाचं पाणी पाजा."

मी थाळीकडे पाहतच नव्हते. मी लेकराच्या तळपायांकडे पाहत होते. पाणी पिवळं होण्याआधी ते जेवढे पिवळे होते, तेवढेच आताही होते. आणि गार पाण्यात हात बुडवले तरी ते सात दिवसांचं लेकरू रडलं नव्हतं.

मी रंजीता, मेडशीजवळच्या आमच्या गावाची आशाताई. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की ठरलेल्या दिवशी तिच्या घरी जायचं, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, असं बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. लेकराला झोळीत घालून वजन करायचं, ताप बघायचा, नाळ बघायची, अंगावर नीट पितं की नाही ते बघायचं. लोकांना वाटतं, ताई येते, चहा पिते, फॉर्म भरते आणि जाते. आणि खरं सांगायचं तर या लेकराच्या बाबतीत मी तिसऱ्या दिवशी तेवढंच केलं होतं.

लेकराच्या आईची, राखीची, ती पहिलीच खेप. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीला उजेड आणि वारा दोन्ही वर्ज्य. दाराला गोधडी टांगलेली, खिडकीत पोती कोंबलेली, वर एक मिणमिणता पिवळा बल्ब. त्यात राखीच्या सासूने, पंचफुलाबाईने, लेकराला तेल-हळदीने नखशिखांत माखलेलं.

"पिवळं दिसून राह्यलं वो लेकरू," मी म्हटलं होतं.

"हळद हाये ते! माया हातची," पंचफुलाबाई हसली होती. मी अंगठा लेकराच्या नाकावर घासला. अंगठा पिवळा झाला, आणि माझी खात्री पटली. लेकराला पुसून दारात उजेडात न्यायला हवं होतं. पण म्हातारीला कोण तोंड देणार? 'कातडी पिवळी आहे का' या रकान्यात मी 'नाही' लिहिलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे या गोष्टीत मी शहाणी ठरते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं ही पहिल्यापासूनच शहाणी होती.

सातव्या दिवशी गेले तर खोली रिकामी. ओसरीवर लेकराचा आजा, उकंडराव, एकटाच बसलेला.

"महाराजाकडं गेले सारे," तो खाली मान घालून म्हणाला. "लेकरू दूध पेत नाई परवापासून. निस्तं झोपून रायते."

"परवापासून? आन मले काहून नाई सांगितलं, बावाजी?"

"मी म्हनलं होतं. पन पंचफुला म्हने, ताई लगेच वाशिमले धाडते, आन तिथं सुया टोचते."

गाडीला किक मारताना माझा पाय दोनदा घसरला. दूध तोडलेलं, निपचित पडलेलं, पिवळं लेकरू! प्रशिक्षणात हे तीन शब्द आमच्याकडून पोपटासारखे घोकून घेतले होते. त्या दिवशी त्यांचा अर्थ कळला.

म्हणून मी त्या मांडवात होते. गर्दीतून वाट काढत मी राखीजवळ पोहोचले. ती डोक्यापासून शाल गुंडाळून बसली होती, नवरा लखन बाजूला उभा. मी लेकराचा तळपाय बोटाने दाबून सोडला. बोटाखालची कातडी पिवळीजर्द. करंगळी तोंडात दिली, तर त्याने ओढली नाही. हात वर उचलून सोडला, तर ओल्या फडक्यासारखा खाली पडला.

"लखन, आत्ताच्या आत्ता वाशिमले न्या लागते. एक घंटाबी थांबू नोको."

लखनने आईकडे पाहिलं. पंचफुलाबाई माझ्यावर उखडली. "डोये फुटले का तुये? पानी पिवळं झालं नाई का तुयासमोर? अजून दोन बैठका रायल्या. मंधातच सुई टोचली तं वारा फुटते!"

"माय, तुमच्या पाया पडतो. हे कावीळ डोक्यात चढली तं—"

"अभद्र बोलू नोको!"

तिच्या आवाजात राग होता, पण तिने लेकराचे पाय घाईने पदराखाली झाकून घेतले. ती दुष्ट नव्हती. माझ्याइतकीच घाबरलेली होती. फरक इतकाच की तिच्या भीतीला महाराजांनी एक पिवळी थाळी दाखवली होती, आणि मी नुसतेच शब्द दाखवत होते.

मांडवात मोबाइलला रेंज नव्हती. मी धावत मागच्या बाजूला गेले आणि १०८ला फोन लावला. गाडी निघाली होती, पण यायला अर्धा तास लागणार होता. घरच्यांनी नकार दिला तर ती रिकामी परत जाणार. फोन ठेवला आणि समोर पाहिलं. मागे आंब्याची तीन झाडं होती. तिन्हींच्या खोडांची साल कमरेइतक्या उंचीपर्यंत तासलेली. शेजारी एका भगोन्यात सालीचे तुकडे पाण्यात भिजत पडलेले.

मला गावातल्या शाळेतला एक कार्यक्रम आठवला. एका सरांनी पोरांसमोर कसल्याशा सालीचं पाणी हाताला चोळून चुन्याच्या पांढऱ्या पाण्यात हात धुतले होते, आणि ते पाणी पिवळं झालं होतं. तेव्हा मी मागे बसून शेजारणीशी गप्पा मारत होते. साल आंब्याची होती की जांभळाची, हे आता काही केल्या आठवेना.

मी परत आले. महाराजांसमोर एक नवं गिऱ्हाईक बसलं होतं. या वेळी मी थाळी सोडून महाराजांच्या हातांकडे पाहिलं. आधी त्यांनी बाजूच्या तांब्यात बोटं बुडवली. "ही जडीबुटी," असं म्हणत ते पाणी त्या माणसाच्या तळहातांना चोळलं. मग नवी थाळी मांडली आणि तिच्यात पांढरं पाणी ओतलं. शंभर माणसांच्या देखत हे सगळं चाललं होतं. लपवाछपवी काहीच नव्हती, कारण सगळ्यांचे डोळे थाळीवर होते.

माझा अंदाज चुकला तर? पाणी पांढरंच राहिलं तर महाराज जिंकणार, लोक मला हाकलणार, आणि लखन ते लेकरू उरलेल्या दोन बैठका होईपर्यंत घरीच ठेवणार. तोवर ते जगणार नव्हतं. पण दुसरा उपाय सुचत नव्हता.

मी पुढे झाले, तांब्या उचलला, आणि त्यातली जडीबुटी सरळ त्या पांढऱ्या थाळीत ओतली.

क्षणभर काहीच झालं नाही. निदान मला तरी तो क्षण संपेना. मग थाळीच्या मधोमध पिवळा डाग उमटला, पसरला, आणि सगळं पाणी आधीसारखंच पिवळं झालं.

"आता सांगा महाराज," मी म्हटलं. "आता कोनाची कावीळ उतरली?"

महाराज एवढे पट्टीचे, तेही दोन क्षण अडखळले. मग बोट रोखून ओरडले, "हिची! ह्या बाईचीच! हिच्या आंगात जुनी कावीळ हाये, तांब्याले हात लावला तं उतरली!"

चारदोन माना डोलल्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक म्हातारा, बहुतेक खरोखरच समजून घेण्यासाठी, म्हणाला, "पन महाराज, थाळीत तं कोनाचाच हात नव्हता."

"मंत्रशक्तीनं—"

"मंतर तं तुमी म्हनलाच नाई अजून," म्हातारा म्हणाला.

कोणीतरी फिसकन हसलं. मी घाईघाईने सांगून टाकलं: पांढरं पाणी म्हणजे चुन्याचं पाणी, पानाला लावतो तोच चुना. तांब्यात आंब्याच्या सालीचं पाणी. दोन्ही एकत्र आली की पिवळं होतं, मग हात लेकराचे असोत, महाराजांचे असोत, नाहीतर घरातलं लाटणं असो. मागे जाऊन झाडं पाहा, सोललेली आहेत. दोन पोरं लगेच मागे पळाली.

पंचफुलाबाई जागची हलली नाही. "पन वारा..." ती पुटपुटली. "सव्वा महिना झाला नाई. बायतीन वाशिमच्या वाऱ्यात..."

तेव्हा राखी उठली. एवढा वेळ ती एक शब्द बोलली नव्हती. पोटचं लेकरू आपलं, पण बोलायची पाळी शेवटून पहिली, अशी आमच्याकडच्या सुनांची गत असते. ती लेकरू छातीशी धरून सासूला म्हणाली, "आत्याबाई, इथवर आली नाई का मी उघड्या वाऱ्यात? मंग वाशिमले काहून नाई?"

रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला. लखन पहिल्यांदाच आईकडे न पाहता चालू लागला, आणि चार पावलांवर पंचफुलाबाईही मागून धावत आली.

वाशिमच्या दवाखान्यात लेकराला कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्याखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर नुसता लंगोट. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि लगेच दुसरा दिवाही जवळ ओढला. तेव्हा मला मांडवात वाटली नव्हती एवढी भीती वाटली. बाहेरच्या बाकड्यावर पंचफुलाबाई आणि मी शेजारी बसून होतो. ती मला म्हणाली, "ताई, म्या हळद नसती लावली तं तुले दिसलं असतं न?" मी म्हटलं, "आन म्या उजेडात नेलं असतं तं मलेबी दिसलं असतं." मग आम्ही दोघी रडलो. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी लेकराने आईचं दूध ओढलं.

एकविसाव्या दिवशी मी राखीच्या घरी गेले. दाराची गोधडी काढलेली होती. लेकरू वजनात भरलं होतं. एवढ्या काविळीने ऐकू येणं जाऊ शकतं, म्हणून कानांची तपासणी तीन महिन्यांनी व्हायची आहे, तोवर माझी धास्ती काही जायची नाही. पंचफुलाबाई त्याला ओसरीवरच्या उजेडात घेऊन बसली होती, अंगाला नुसतं तेल. आयाबाया जमल्या होत्या. एकीने विचारलं, "पन ताई, माया पोरीची कावीळ तं महाराजानं खरंच बरी केली होती."

प्रश्न बरोबर होता. मी तिला सांगितलं की बहुतेक नव्या लेकरांना थोडी कावीळ होते, आणि अंगावरचं दूध मिळत राहिलं की आठ-पंधरा दिवसांत ती आपोआप ओसरते. महाराजांकडे नेलं तरी ओसरते, न नेलं तरी ओसरते. दहातली नऊ लेकरं आपसूक बरी होतात आणि नवस फेडायला मांडवात येतात. दहावं कोणी मांडवात आणत नाही.

बाया पांगल्या. दाराशी मंजू तेवढी थांबली. तिच्या कडेवर तिचा मुन्ना होता. पाच वर्षांचा, पण मान धरत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही. त्याच्या जन्मानंतर मी या गावात कामाला लागले. 'देवानंच असा देल्ला,' असं तिने मला सांगितलं होतं, आणि मीही पुढे कधी खोदून विचारलं नव्हतं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "याचंबी पानी पिवळं झालं होतं. तिन्ही बैठकीत. आमी पेढे वाटले होते."

तिने मुन्नाची कलंडलेली मान आपल्या खांद्यावर टेकवली.

"कावीळ पान्यात उतरली नाई म्हंता. मंग माया मुन्नाची कुठं गेली?"

मला उत्तर ठाऊक होतं. वाशिमच्या त्या बाकड्यावर डॉक्टरीणबाईंनी मला ते नीट समजावून सांगितलं होतं. पण तिच्या तोंडाकडे पाहून मला ते सांगता आलं नाही. मी मुन्नाला तिच्याकडून घेतलं आणि त्याची मान हातावर धरून बसले.

तिला नाही सांगितलं, ते तुम्हाला सांगते. ती त्याच्या मेंदूत गेली. थाळी पिवळी होत होती, लोक हात जोडत होते, पेढे वाटले जात होते, त्या वेळी ती मेंदूत जात होती. म्हणून पाया पडून सांगते: लेकराला हळद माखू नका. रोज सकाळी दारात उजेडात न्या, कपाळ, छाती, तळपाय बोटाने दाबून पाहा. आईचं दूध एक दिवसही तोडू नका. पहिल्याच दिवशी पिवळं दिसलं, तळपायापर्यंत पिवळं झालं, किंवा दूध प्यायचं थांबलं, तर कोणालाही न विचारता दवाखाना गाठा. सासूला विचारू नका, महाराजांना विचारू नका, आणि माझ्यासारखी आशाताई 'काही नाही, हळद आहे' म्हणाली तरी तिचंही ऐकू नका.