पियानोतल्या गव्हाच्या गोळ्या

गव्हात ठेवायच्या गोळ्या म्या पियानोत ठेवल्या. घ्या, सांगून टाकलं. आता हसा नाई तं शिव्या द्या. पण पोरीले हे सांगाले मले दोन महिने लागले, अन् त्यातले शेवटचे तीन दिवस माह्या दुश्मनाच्याबी वाट्याले नोको.

मी सरिता. कारंज्यात मार्केटच्या रोडवर माहं मोटार भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली का लोकं माह्याकडं आणतात. मी आतलं जळकं तांबं काढते अन् नवं गुंडाळते. माह्या पोरीचे, रूपाचे बाबा गेले तवा सारे म्हणत, बाई माणूस मोटार भरन का? भरली ना बाप्पा, बारा वर्षं भरून राह्यली.

पियानो नानीबाईचा. नानीबाई आमच्या गल्लीतली. तिचा बाप इंग्रजाच्या कापसाच्या जिनिंगात फिटर होता. साहेब गेला अन् पियानो याच्या घरी ठेवून गेला. नानीबाईनं लग्न केलं नाई, दवाखान्यात नर्सची नोकरी केली, अन् चाळीस वर्षं गल्लीतल्या पोरी गोळा करून शिकवल्या. तिची रीत येगळीच होती. नवी पोरगी आली का महिनाभर तिले पट्टीले हात लावू द्याची नाई, पियानोच्या खाली बसवायची. "आधी आयक. मंग वाजव." माही रूपा सात वर्षांची होती तवा अशीच महिनाभर खाली बसली. घरी आली का कपड्याले जाळे लागलेले राहत.

नानीबाईच्या भिंतीवर तीन फ्रेमा होत्या. तीन गोऱ्या बाया, साऱ्या पियानोवाल्या. नावं मले येत नाईत. नानीबाई त्याइले 'माह्या जावा' म्हणे. थोरलीचा नवरा येड्याच्या दवाखान्यात गेला, सात-आठ लेकरं पदरात, तं ही बाई गावोगाव पियानो वाजवून घर चालवे. मधलीचा लहाना भाऊ लय नावाजला. तीबी त्याच्याच तोलाची होती, पण वयात आल्यावर घरचे म्हणाले, बस झालं आता. धाकटी कोण हे नानीबाईलेच माहीत नव्हतं, जुन्या कॅलेंडरवरून कापलेली होती. "कोनी का असंना," ती म्हणे, "बोटं पाह्य तिचे. या बाईनं काम केलं आहे."

मागच्या उन्हाळ्यात नानीबाई गेली. जाताना लिहून गेली का पियानो रूपाचा, अन् फ्रेमाबी रूपाच्या. सहा माणसं लावून आमी तो दुकानाच्या मागच्या खोलीत आणला, फ्रेमाबी तठीच भिंतीवर टांगल्या. रूपा तवा पुण्यात, लहान लेकराइले कीबोर्ड शिकवून राहत होती. फोनवर रडली. म्हणे, "माय, जीव लावून ठेवजो वं त्याले."

लावला ना जीव! तोच तं नडला. गणपतीच्या दिवसात पाह्यलं तं पियानोखाली पिवळा भुसा पडलेला. लाकडात किडा. अन् किडा लागला का आमच्या गावात काय करतात? कोठीत गोळी ठेवतात. म्याबी फडक्यात गोळ्या बांधल्या, पियानोच्या पोटात ठेवल्या, वरून ताडपत्री गच्च बांधली अन् खोलीले आठ दिवस कुलूप. किडा मेला. लय हुशारी वाटली स्वतःची.

दिवाळीत झाडझूड करताना वरचं झाकण उघडलं. पियानोतल्या जाड तारा, ज्या खालचा खर्जाचा आवाज देतात, त्याइच्यावर तांबं गुंडाळलेलं असते. ते तांबं काळं ठिक्कर पडलं होतं. कायनं पडलं हे मले कोणी सांगाची गरज नव्हती. धान्याच्या गोदामातले पंखे भराले येतात ना माह्याकडं, त्याइचं तांबं असंच काळं असते, गोळ्याच्या वाफेनं. दहादा पाह्यलं, दहादा गोदामवाल्याले सांगतलं. अन् घरी मीच! तांब्यावर पोट भरणारी मी! पट्टी दाबली तं आवाज नुसता थप् थप्, ओल्या पोत्यावर हात मारावा तसा. म्या झाकण लावलं, अन् तिन्ही जावांचे तोंडं भिंतीकडं फिरवून ठेवले.

रूपाचा फोन येई. "पियानो कसा आहे माय?" "ठीक आहे." दोन महिने ठीक आहे, ठीक आहे. जेवण गोड लागेना. मोटारीचे फेरे मोजता मोजता इसरून जाई अन् पुन्हा पहिल्यापासून भरा लागे.

अन् डिसेंबरात ती म्हणाली, "मी येऊन राह्यली. मद्रासकडच्या पियानोच्या कॉलेजात अर्ज टाकला. बारा जागा आहेत, अन् वयाच्या हिशोबानं माहं हे शेवटचं वर्ष. खऱ्या पियानोवर वाजवून व्हिडिओ पाठवा लागते. एका दमात, मधात कापाकापी चालत नाई. रविवारी पाचच्या आत."

शुक्रवारी सकाळी ट्रॅव्हल्समधून उतरली, चहाबी नाई घेतला, सरळ मागच्या खोलीत. मी दुकानात उकंडरावची मोटार खोलून बसली होती, पण कान सारे मागं. वरचे सूर आले, छान आले. मंग खालचे. थप्. थप्. मंग काहीच नाई.

"माय," ती दारात आली. तोंड पांढरं. "तारा काळ्या काहून पडल्या?"

आता सांग, सरिता. सांग आता.

"हवा लागली असन," म्या म्हटलं. "मार्केटची धूळ आहे अठी."

"अन् या फ्रेमा उलट्या काहून?"

"धूळ बसते ना वं."

तिनं नागपूरच्या सूर लावणाऱ्याले फोटो पाठवले. तो म्हणे, तारा बदला लागतीन, बाहेरून मागवतो, दीड महिना. पुण्यात कोणाचा पियानो भेटन का म्हणून तिनं चार फोन केले. कोणी शिकवणीवाला म्हणे पुढच्या हप्त्यात, कोणी फोनच उचलेना. मंग ती पियानोच्या खाली जाऊन बसली. बावीस वर्षांची पोरगी, गुडघे पोटाशी घेऊन, लहानपणी बसे तशी. रडत नव्हती. रडली असती तं बरं झालं असतं.

माह्या आंगात आग आग झाली. म्या पाना उचलला. "निघ बाहेर. तुह्या गाण्यात यातल्या किती तारा लागतात?"

"अकरा. काहून?"

"काढ त्या. आत लोखंडाची तार आहे ना? वर तांबंच गुंडाळलेलं आहे ना? मंग मी काय अठी बारा वर्षं शेवया वळून राह्यली?"

"माय, ते मोटार नाई."

"ते मले कळते! तू काढ."

उकंडराव दारात उभाच होता. भाजीवाला माणूस, दीड एकर वांगे अन् मेथी. "बाई, माही मोटार?"

"सोमवारी."

"सोमवारी? माहे वांगे मान टाकून राह्यले बाई!"

"माह्या पोरीनं मान टाकली, ते दिसत नाई का तुमाले? चालते व्हा!" बिचारा गेला. जाताना म्हणे, याइच्या घरात काहीतरी बिनसलं.

पहिल्या तारीचं काळं तांबं म्या उकलून काढलं. जाडी मोजली, तेवढ्याच गेजचं नवं तांबं काढलं. तारीचं एक टोक गुंडाळायच्या मशीनले अडकवलं. पण दुसरं टोक बांधून ठेवलं तं तार पीळ खाते. दोन्ही टोकं संगं फिरले पायजे. घंटाभर डोकं फोडलं, मंग जुन्या पंख्याचं बेअरिंग आठवलं. ते भिंतीले ठोकलं, त्यात दुसरं टोक अडकवलं. रूपा हँडल फिरवे अन् मी चिमटीत तांबं धरून फेऱ्याले फेरा लावत जाई.

पहिली तार चढवली, नानीबाईच्या सुराच्या चावीनं ताणली, रूपानं पट्टी दाबली. भुंग्यावाणी गुणगुणली मेली.

"ढिली आहे," रूपा म्हणाली.

"मले दिसते."

उकलली. पुन्हा. मोटारीत तांबं नुसतं बसा लागते, अठी ते लोखंडाले चावलं पायजे. दुसऱ्या वेळेस बोट कापलं. तिसऱ्या वेळेस पट्टी दाबली अन् आवाज निघाला. कसा सांगू? माह्या पायाले फरशीतून लागला तो. रूपानं माह्याकडं पाह्यलं अन् हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा माह्या जिवाले बरं वाटलं, अन् दुसऱ्याच क्षणी सारं कडू झालं. कारण ती म्हणाली, "माय, तू नसती तं मी काय केलं असतं वं?"

मी नसती तं तारा काळ्या पडल्या नसत्या. हे तोंडात आलं होतं. गिळलं.

शनिवार दिवसभर आमी मायलेकी गुंडाळत राह्यलो. नव्या तारा दर घंट्याले सुरातून उतरत, ती चावी घेऊन पुन्हा चढवे. जेवताना ती माह्या बोटाले हळद लावून देई अन् मले घास उतरेना. चारदा तोंड उघडलं. एकदा म्हटलं, "रूपा, एक सांगाचं होतं..." ती म्हणे, "काय?" म्या म्हटलं, "मीठ घे." थुत तुह्या जिंदगीवर, सरिता!

रविवारी चार वाजता अकरावी तार बसली. रूपानं केस बांधले, कॉटनचा निळा ड्रेस घातला, मोबाईल खुर्चीवर पुस्तकं रचून उभा केला. तेवढ्यात तिचं ध्यान भिंतीकडं गेलं. तिन्ही फ्रेमा तिनं सरळ केल्या. थोरली सरळ माह्याकडंच पाहे.

सव्वाचार, पहिल्यांदा वाजवलं. मधात मार्केटातल्या ट्रकनं हॉर्न दिला, गेलं. दुसऱ्यांदा एक तार उतरली, गेलं. ती चढवता चढवता वीस मिनिटं गेली. पाचले दहा मिनिटं राह्यली. एकदाच वाजवाचा टाइम उरला होता. दुकानात उकंडराव पुन्हा येऊन बसला होता, त्याले म्या तोंडावर बोट ठेवून गप बसवलं अन् पडद्याजवळ उभी राह्यली.

वाजवायच्या आधी आपलं नाव सांगा लागते. रूपानं मोबाईलकडं पाह्यलं. "मी रूपा. कारंजा लाड, जिल्हा वाशीम. माह्या गुरू नानीबाई. अन् या पियानोच्या अकरा तारा माह्या आईनं हातानं बनवल्या. हवेनं खराब झाल्या होत्या, तिनं वाचवल्या."

"हवेनं नाई!"

कोण ओरडलं? मीच ओरडली. पडद्यातून बाहेरबी आली.

"हवेनं नाई वं रूपा. म्या गव्हाच्या गोळ्या ठेवल्या त्यात. किडा लागला म्हणून. म्याच काळ्या केल्या अन् दोन महिने तुले खोटं बोलली."

मोबाईलचा लाल ठिपका चालूच. रूपा माह्याकडं पाहत राह्यली. तिच्या बापाले राग आला का नाकाच्या शेंड्यापासून लाल होई, तशी लाल झाली. मले वाटलं आता उठते अन् बॅग भरते. पाचले आठ मिनिटं. गाणं पाच मिनिटांचं, पाठवाले दोन-तीन मिनिटं, नवीन व्हिडिओ कराले टाइम नाई, अन् कापता येत नाई. दुसऱ्यांदा मीच मातीत घातलं पोरीले.

ती पियानोकडं वळली अन् वाजवाले लागली.

पहिला सूरच खालून काढला तिनं, माह्या तारीवरून. अशी हाणली का खिडकीची काच थरथरली. मले वाटलं तुटन. नाई तुटली. मंग दुसरी, मंग तिसरी, साऱ्या अकराच्या अकरा तिनं रागानं बोलवल्या, अन् साऱ्या आल्या. वरचे सूर त्यावरून पळत होते. नानीबाईनं शिकवलं तवा हे गाणं हळू होतं, शांत होतं. आज ते शांत नव्हतं. माह्यावरचा राग होता तो, मले एकेक फेरा ओळखू येत होता. मी पडद्याले धरून उभी राह्यली अन् रडली. आवाज दाबून रडली, तेवढी अक्कल शिल्लक होती.

शेवटचा सूर लय वेळ घुमला. मंग रूपानं मोबाईल उचलला. पाचले तीन मिनिटं.

"पाठवू नोको," म्या म्हटलं. "त्यात मी आहे. हसतीन लोकं."

"चूप बस माय." राग अजून उतरला नव्हता, डोळ्यातून पाणी मात्र वाहून राह्यलं होतं. "इतकं चांगलं मले याच्या आधी कवाच नाई आलं." तिनं बटन दाबलं. मंग मले जवळ ओढलं अन् कापलेलं बोट इतकं जोरात दाबलं का मी कळवळली. "पुन्हा खोटं बोलली तं पाह्य."

उकंडराव पडद्यातून डोकावला. डोळे पुसत होता. "बाई, काय वाजवते हो पोरगी! पण माही मोटार..."

"बसा," म्या म्हटलं. "आताच घेते."

निकाल अजून लागायचा आहे. लागन तवा लागन. पण मद्रासले ते मोठेमोठे लोकं बसतीन ना ऐकाले, ते आधी माहा गुन्हा ऐकतीन, अन् मंग माह्या तारा.