एकसष्टावा दिवस

एकतीस जुलैच्या सकाळी हेमांगीने नवापूर गावाच्या विकीवरील, म्हणजे गावकरीच माहिती भरतात त्या संकेतस्थळावरील, ‘काळा खडक’ हे पान तीनदा दुरुस्त केले. तिन्ही वेळा तेथे जुनाच मजकूर परत आला.

हेमांगी बोईसरला रसायनशास्त्र शिकवीत असे. पाण्याखालच्या खडकांची माहिती गावात बापाकडून मुलाकडे तोंडीच जाई. बोट हाकणारे वृद्ध तांडेल आत्माराम यांना गळ घालून तिने ती विकीवर आणली. देवळाचा कळस आणि कारखान्याची चिमणी एका रेषेत आली की बोट खडकावर, असे पान सांगे. जूनमध्ये ती चिमणी पाडली गेली. “बंदी उठताना बदलू,” असे हेमांगीच म्हणाली होती. पावसाळी मासेमारीबंदी उद्या उठत होती. आत्मारामांचा मुलगा मनीष प्रथमच तांडेल म्हणून निघणार होता, तोही याच पानाच्या भरवशावर.

“कोणीतरी खोडसाळपणा करतंय, काका,” ती आत्मारामांच्या घरी जाऊन म्हणाली.

“पुरावा दाखवा, बाई. तुमीच तसं शिकवता ना?”

तिने बदलांची यादी उघडली. प्रत्येक दुरुस्ती विकी चालवणाऱ्या कंपनीने मागे घेतली होती. विकीच्या व्यवस्थापकांच्या यादीत हेमांगीचे नावच उरले नव्हते! तिने कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आले : अर्ज करा, पंधरा दिवसांत विचार होईल.

“पंधरा दिवस! बोटी पहाटे निघणार!”

“मग खडकाला कळवा, पंधरा दिवस बाजूला सरक म्हणून.”

“पण माहिती तर तुमचीच आहे.”

“माझी हाय, तर मला बदलता का येत नाय? डोक्यात होती तवा निदान डोकं माझं होतं.”

तोंडी ज्ञानाला हेमांगी कच्चे म्हणत आली होती. स्वतः मात्र तिने एक प्रतही ठेवली नव्हती. तिने वही काढली. “सांगा काका, आता चिमणीऐवजी काय?”

“पाण्याची टाकी.”

दोघे किनाऱ्यावर बोटीबोटीपाशी गेले. प्रत्येक तांडेलाच्या हाती कागद दिला. मनीषकडून खूण तोंडी वदवून घेतली.

वाचकहो, गावाचे ज्ञान जरूर सर्वांसाठी खुले करावे. पण ज्या जागी ठेवू तिच्या अटी वाचाव्यात आणि एक प्रत आपल्या हाती राखावी.

संध्याकाळी हेमांगीने त्या अटी प्रथमच वाचल्या. साठ दिवस एकही नोंद न झाल्यास विकीचा ताबा कंपनीकडे जातो आणि तिच्या परवानगीवाचून कोणताही बदल टिकत नाही. शेवटची नोंद एकतीस मेची होती. बंदी एकसष्ट दिवसांची असते. त्या काळात कोणी समुद्रावर जात नाही, म्हणून कोणी काही लिहिले नाही.