उसने वारूळ

पणजी नवशी, आजी आक्का, आई सीताबाई. या तिघींच्या मागून आलेली गोदू. चौघींचा व्यवसाय एकच: श्रावणात डोंगरातली अळंबी खुडून विकणे. अळंबीची जागा आईने लेकीला दाखवावी, इतर कोणाला नाही. हे असेच चालत आले आणि असेच चालावे. आक्काला साप चावला. सीताबाईला दाखवायची राहिलेली तिची जागा तिच्याबरोबर गेली. तेव्हा शेजारच्या जानकीबाईने वज्रेश्वरीच्या डोंगरातले आपले अळंबीचे वारूळ सीताबाईला दिले. जानकीबाईला लेक नव्हती. "उसनं देते," एवढेच ती म्हणाली आणि पुन्हा त्या वाटेला गेली नाही.

दोन हजार सहाच्या श्रावणात धामणकर नाक्यावर जानकीबाईची नात भाविका गोदूच्या टोपलीपुढे उकिडवी बसली.

"गोदूमावशी, कॉलेजच्या प्रोजेक्टला अळंबी पाहिजे. मुळासकट. जागा दाखवशील?"

"आजीस इचार."

"आजी आता मलाच ओळखत नाही."

गोदूने अळंबीवर पान ओढले. म्हणजे उसनवारी जाणणारे आता दुसरे कोणी उरले नव्हते. गोदू गप्प राहिली असती तरी चालले असते. पावसाळ्याची चूल त्या एका वारुळावर पेटत होती. ते जिच्यासाठी राखले, ती तिची लेक रीमा माघात काविळीने गेली होती. गोदू तेव्हाही रडली नव्हती.

"उद्या पैल्या गाडीनं वज्रेश्वरीला ये," ती म्हणाली.

वाटेत उकिरड्यावर पांढरी छत्री दिसली. भाविका वाकली. गोदूने ती काडीने उलटी केली. खालच्या पाकळ्या हिरवट होत्या.

"हिला हात न्हाय लावायचा. उलट्यांनी अर्धमेलं करते."

"बीजाणू हिरवे," भाविकाने वहीत लिहिले.

वारुळाशी गोदूने तिला लोखंड लावू दिले नाही. भाविकाने बोटांनी माती उकरली. देठ हातभर खोल गेला होता.

"खाली वाळवीचं शेत हाय. ती पिकवते, आपण खातो."

"पुस्तकात हेच आहे. आणि मावशी, ही वनस्पती नाहीच. बुरशीची सृष्टीच वेगळी. झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची."

"तरीच रश्श्याला मटणाची चव."

भाविका हसली. गोदू हसली नाही. कोणत्या अंगाला आधी फुटते, किती कळ्या मागे ठेवायच्या, सगळे तिने क्रमाने सांगितले. काही राखून ठेवले नाही.

"हे वारूळ तुज्या आजीचं. माज्या आईनं उसनं घेतलेलं. आजपासून तुजं."

"मग तू काय करशील?"

गोदूने टोपली उचलली. अळंबी तिने एकही घेतली नाही.

उतरताना फाट्यावर भाविका थांबली.

"मावशी, डावीकडे ना?"

"मना म्हाईत न्हाय. वाट आता तुजी," गोदू म्हणाली आणि तिच्या मागे जाऊन उभी राहिली.

भाविका डावीकडे वळली. बरोबर वळली. गोदूने रिकामी टोपली डोक्यावर पालथी घातली आणि तिच्या मागून चालू लागली.